मागून दिसणारा धूर

रोज सकाळी सात वाजता मी गाडी काढायची आणि बाबा गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे. मला त्याचा मनापासून वैताग यायचा. बीरगांवातली आमची गल्ली इतकी सरळ आहे की डोळे मिटून गाडी मागे घ्यावी. तरी बाबा हात हलवत राहायचे, "ये, ये, ये, बस." मी आरशात त्यांच्याकडे न बघताच गाडी काढायची. एकदा तर काच खाली करून म्हटलं, "बाबा, मी काय ट्रक काढून राहिले का?" ते म्हणाले, "तू आपलं समोर पाय. मागचं मी पाहून राहिलो न."

गाडी मुळात त्यांचीच. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, पंधराव्या वर्षाला टेकलेली. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. लोखंड भाजायच्या भट्टीचे, म्हणजे किलनचे, गिअरबॉक्स, पंखे, पंप, जे जे फिरतं ते त्यांच्या ताब्यात असायचं. रिटायर झाले त्या वर्षी ही गाडी घेतली. पुढे मोतीबिंदू झाला, ऑपरेशननंतरही रात्रीचे दिवे डोळ्यांवर येऊ लागले आणि एक दिवस त्यांनी स्वतःहून चावी माझ्यापुढे ठेवली. स्टिअरिंग माझ्याकडे आलं, बोनेट मात्र त्यांच्याकडे राहिलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न का केलं नाही हा इथला विषय नाही. तात्यापाऱ्याजवळच्या शाळेत मी गणित शिकवते, आणि गणित शिकवणाऱ्या माणसाला आपण बरोबर असण्याची फार वाईट सवय लागते, एवढं मात्र इथलं आहे.

मी चहा घेत असताना बाबा बोनेट उघडायचे. जुन्या बनियनची एक चिंदी खास त्यासाठी ठेवलेली. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि उजेडाकडे धरून ऑइल कुठवर लागलंय ते बघायचं. मग बोनेट बंद, मग मी आत, मग ते मागे. पावसाळा संपून थंडी सुरू होत होती तेव्हा एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "गाडी ऑइल खाऊन राहिली."

"म्हणजे?"

"मागच्या आठवड्यात टाकलं. आज पुन्हा खाली गेलं."

मी लगेच हिशेबाला बसले. ऑइल जातं तर कुठेतरी पडलं पाहिजे. त्या रात्री मी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या रात्री परत ठेवला, परत कोरडा. मी तो पुठ्ठा बाबांना दाखवला. वर्गात एखाद्या पोट्ट्याला त्याचं चुकलेलं उत्तर दाखवावं तसा दाखवला, हे आज कबूल करते.

"खाली नाई पडत," ते शांतपणे म्हणाले. "धुरातून जाते. सकाळी चालू केली का निळा धूर येते."

आता बीरगांवात धूर दिसतो म्हणणं म्हणजे काय बोलावं! उरल्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी आमच्या गच्चीवर रोज सकाळी झाडूने गोळा होते, धुतलेली चादर दुपारपर्यंत करडी होते. या हवेत कोणता धूर निळा आणि कोणता काळा, हे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस सांगणार? तरी मी न्यायाने वागायचं ठरवलं. गाडी चालू केली, ती घरघरत ठेवली, उतरले आणि बाबांच्या शेजारी मागे जाऊन उभी राहिले. सायलेन्सरमधून काहीही येत नव्हतं. थोडी वाफ होती, ती थंडीत सगळ्याच गाड्यांना असते.

"आता नाई दिसत," बाबा म्हणाले. "एकदम सुरूले येते. दोन-चार सेकंद. मंग गेला."

"बरं," मी म्हणाले आणि निघाले. माझ्या मनात ते प्रकरण तिथेच मिटलं.

खरं म्हणजे त्या दिवसांत मी त्यांच्याबद्दल घाबरलेली होते. दूध गॅसवर ठेवून ते बाहेर जाऊन बसायचे. विजेचं बिल भरलं का, हे सकाळी विचारलेलं संध्याकाळी परत विचारायचे. एकदा बाजारातून परत येताना त्यांनी गल्ली ओलांडून पुढच्याच गल्लीत वळण घेतलं आणि तिथल्या बाईने त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. मला हे दिसत होतं आणि मी त्यावर चिडत होते, कारण चिडणं घाबरण्यापेक्षा सोपं असतं. त्यामुळे ऑइल जातंय हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी ते त्याच यादीत टाकून दिलं. ऑइल टाकलेलं त्यांच्या लक्षात राहत नसेल, एवढंच.

मग एके दिवशी गाडीच्या समोरच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला. इंजिनचं छोटंसं चित्र, आणि ते विझेचना. गाडीही सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उजळला. कोणीतरी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती.

"पायलं? मी सांगत होतो न."

"शनिवारी दाखवू," मी म्हणाले.

शनिवारी पहाटे मला बोनेट उघडल्याचा आवाज आला. अंधार होता. मी कूस बदलून झोपले.

शाळेजवळ एक गॅरेज आहे. मालक चष्मेवाला, नीटनेटका, हात पुसून मगच बोलणारा. त्याने स्टिअरिंगखाली एक लहानसं यंत्र जोडलं आणि मोबाइलवर वाचून सांगितलं की एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मग त्याने प्लग काढले. दोन प्लग तेलाने काळे, ओले. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, डिपस्टिक काढली आणि ती माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही पार दोन बोटं वर होतं.

"दीदी, इसमें तेल डालता कौन है?"

बाबा पुढे झाले. "मी... हम डालते हैं."

"अंकल, ज्यादा डाल दिए हो. बहुत ज्यादा. यही तेल ऊपर चढ़ के प्लग में आ रहा है. गाड़ी तेल नहीं पी रही, आप पिला रहे हो." तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

बाबा म्हणाले, "देना था न गाड़ी. देने के पहले भर के देते हैं." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन राहिलो होतो न, म्हणून भरून देल्लं."

या वाक्याला काही अर्थ आहे असं मला वाटलं नाही. चूक लपवायला माणूस काहीतरी बोलतो, तसं ते वाटलं. आणि गॅरेजच्या त्या मालकासमोर, तिथे स्कूटर घेऊन उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर, मी म्हणाले, "बाबा, तुम्ही दोनदा टाकलं. टाकलं अन् विसरले. मान्य करा न."

चिंदी त्यांच्या खिशात होती, तिचं टोक बाहेर लोंबत होतं. ते त्यांनी आत सरकवलं.

जास्तीचं ऑइल काढलं गेलं, प्लग बदलले, दिवा विझला. घरी आल्यावर मी ऑइलचा डबा उचलला आणि माळ्यावर ठेवला, जिथे त्यांचा हात पोचत नाही.

"आता बोनेट उघडायचं नाही, बाबा."

"पाह्यचं बी नाई?"

"पाहायचंही नाही."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांनी दोन सांगितले आणि तिसऱ्याला अडले. वय आहे, डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढेल, किती आणि कधी ते सांगता येत नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि बाबांना बाहेर बसवून मला म्हणाले, "उनसे बहस मत कीजिए. जो कहें, हाँ कह दीजिए. उनको अच्छा लगेगा."

मी आयुष्यभर बाबांशी भांडत आले होते. भाजीत मीठ किती इथपासून मतदान कोणाला इथपर्यंत. आई म्हणायची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. डॉक्टरांकडून आल्यावर मी भांडण बंद केलं. बाबा म्हणाले आज गुरुवार आहे, आणि बुधवार असला, तरी मी म्हणायची, "हो बाबा, बरोबर." ते म्हणाले शेजाऱ्याने आपली कुंडी नेली, कुंडी समोर असली, तरी "हो बाबा, बरोबर." माझा आवाजही बदलला असणार. बालवाडीच्या बाईंचा असतो तसा मऊ. मला वाटत होतं मी सुधारले. बाबा पहिल्यांदा चमकून बघायचे, मग बघेनासे झाले.

त्याच सुमाराला त्यांचा गेज हरवला. दोन भागांमधली बारीक फट मोजायला पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा असतो, त्याला फिटर लोक गेज म्हणतात. बाबांकडे तो कारखान्यात लागल्यापासून होता, आणि रिटायर होताना त्यांनी तेवढाच सोबत आणला होता. दोन दिवस ते तो शोधत राहिले. अंथरुणं उलटी केली, तांदळाच्या डब्यात हात घातला. मला ते बघवेना. बाजारात जाऊन मी तसाच नवा गेज आणला, पायरीच्या दगडावर घासला, त्याला जुनं ऑइल आणि गच्चीवरची काजळी चोळली आणि म्हणाले, "बाबा, हा पाहा, अलमारीच्या मागे पडला होता."

त्यांनी तो हातात घेतला. एकेक पातं उघडून पाहिलं, सगळी मोजली, मिटवली. "भेटला," ते म्हणाले. "बरं झालं." आणि उशीखाली ठेवून दिला. मला फार बरं वाटलं होतं. आपण किती हुशारीने आणि मायेने वागलो, असं वाटून मी त्या रात्री शांत झोपले.

नंतर काही दिवसांनी पिवळा दिवा परत लागला. मी गॅरेजला फोन केला. मालक म्हणाला, "पुरानी गाड़ी है दीदी, सेंसर नखरे करता होगा. चल रही है न? चलाइए, टाइम मिले तो ले आइए." चालत तर होती. परीक्षा जवळ होत्या, पेपर तपासायचे होते. दिव्याची सवय झाली. देवळातल्या समईसारखा तो अखंड जळायचा आणि मी त्याच्याखालून पेट्रोलचा काटा बघायची. ऑइल बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण गाडी ऑइल खात नाही हे सिद्ध झालं होतं.

बाबा अजून काही दिवस मागे उभे राहिले. हात हलवत, पण "ये, ये" न म्हणता. मग एका सकाळी ते ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिले. मी गाडी काढली, ते बसूनच होते. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं तसंच लिहायला हवं.

उन्हाळ्यात सिलतऱ्याला एक लग्न निघालं. बाबांच्या जोडीने पंचवीस वर्षं एकाच शिफ्टला काम केलेल्या मित्राच्या मुलीचं. पत्रिका आली त्या दिवसापासून बाबा वेगळेच दिसू लागले. कोण कोण येईल त्यांची नावं ते रोज म्हणायचे, आणि गंमत म्हणजे एकही नाव चुकत नव्हतं. कोणाच्या हाताचं बोट कुठल्या पंख्यात गेलं, कोण रात्रपाळीला डब्यात काय आणायचा, सगळं पाठ. पांढरा शर्ट दोनदा इस्त्री झाला. संध्याकाळी साडेपाचला आम्ही निघालो. बाबा माझ्या शेजारी, मांडीवर आहेराची पिशवी.

हायवेला लागलो तेव्हा सगळं ठीक होतं. निदान मला ठीक वाटलं. ट्रकच ट्रक, एसी बंद, खिडक्या उघड्या, त्यात काय ऐकू येणार! वळणावर एक लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पिवळ्याची सवय झालेल्या डोळ्यांना तो त्याचाच भाऊबंद वाटला. बाबांनी एक हात पुढे डॅशबोर्डवर ठेवला होता, तळवा पूर्ण टेकवून. मला वाटलं, वेगाला घाबरताहेत. "हळू घेते, बाबा," मी मऊ आवाजात म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला.

थोडं पुढे गेल्यावर लाल दिवा लागला तो विझलाच नाही. मग समोरून ठकठक असा आवाज आला, कोणीतरी आतून हातोडा मारत असल्यासारखा, आणि मी गाडी कडेला घेते न घेते तोच इंजिन आवळून बंद पडलं. चावी फिरवली तर टक असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. मी उतरले, बोनेट उघडलं, ओढणीने धरून डिपस्टिक काढली. तिच्या टोकाला काहीही लागलेलं नव्हतं. पुसून परत घातली, परत काढली. कोरडी.

बाबा गाडीतच बसून होते. मी खिडकीशी गेले. माझा सगळा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता.

"बाबा, तुम्हाले आवाज आला नाही? आधीपासून येत असन न काहीतरी?"

"आला न."

"कधी?"

"घरून निघालो तेव्हाच. टॅपेट वाजून राहिले होते, ऑइल कमी झालं का वाजते तसे. हात ठेवून बी पायलं."

"मग सांगतलं काहून नाही?"

ते पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं माह्याच कानात आहे."

मागून एक ट्रेलर गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. मी रिक्षा थांबवते म्हणाले, लग्न अजून गाठता येईल. ते नको म्हणाले. "गाडी काहून नाई आनली म्हणून विचारतीन. काय सांगू? फिटरची गाडी ऑइलबिना बंद पडली म्हणून सांगू?" आम्ही टोचनवाल्याची वाट बघत तासभर तिथेच बसलो. अंधार पडता पडता दुरून बँडचा आवाज येत होता. तो त्याच लग्नाचा होता की दुसऱ्या कोणाच्या, माहीत नाही.

टोचनवाल्याने गाडी रिंग रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेऊन सोडली. तीन दिवसांनी त्याने मला बोलावलं. इंजिनचं वरचं डोकं काढून फळीवर ठेवलेलं होतं. त्याच्याकडे यंत्र नव्हतं. त्याने सुपारी गालात सरकवली, पक्कडीने आतून एक छोटंसं रबरी टोपण ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अंगठ्याच्या नखाएवढं. "दबाओ," तो म्हणाला. मी दाबलं. ते रबर नव्हतंच राहिलं, प्लॅस्टिकच्या बटणासारखं कडक झालं होतं.

त्याने समजावून सांगितलं ते असं. हे वॉल्व्हचं सील. ते मऊ असतं तोवर वरचं ऑइल वर राहतं. कडक झालं की गाडी रात्री उभी असताना थेंब थेंब ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी चालू केल्याबरोबर जळतं. जमिनीवर थेंब पडत नाही. प्लग काळे होतात, दिवा लागतो. चालवताना पिस्टनच्या रिंगांमधूनही जातच होतं, सगळंच झिजलेलं. आता बेअरिंग जळलेत, क्रँक गेला. एवढ्या जुन्या गाडीत हे बसवण्यात अर्थ नाही.

"पर सुबह धुआँ तो दिखता होगा," तो म्हणाला. "नीला. स्टार्ट करते ही, दो-चार सेकंड. गाड़ी चलाने वाले को नहीं दिखता, पीछे खड़े आदमी को दिखता है."

मी त्याला पहिल्या गॅरेजची गोष्ट सांगितली. तिथे तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं, मग ते कसं? मी जवळजवळ वाद घालत होते. अजूनही मला माझं उत्तर बरोबर यायला हवं होतं.

"आपके पिताजी प्लांट में थे?"

"हाँ. सिलतरा में. फिटर."

म्हाताऱ्याने मान हलवली. तो स्वतः वीस वर्षं उरल्याच्या कारखान्यात होता. "प्लांट वाले सब यही करते हैं. मशीन दूसरे के हाथ में देनी हो, शिफ्ट बदलनी हो, साहब लोग देखने आने वाले हों, तो पहले तेल ऊपर तक भर देते हैं. कम तेल वाली मशीन देना बेइज्जती है. उन्होंने गैरेज में देने के पहले भर दिया होगा."

पहाटे ऐकलेला बोनेटचा आवाज मला तेव्हा आठवला. आणि ते वाक्य. दुसऱ्याच्या हातात देऊन राहिलो होतो न, म्हणून भरून देल्लं. बाबांनी मला कारण सांगितलं होतं, स्वच्छ, पूर्ण, मराठीत. त्यांनी दोनदा टाकलं नव्हतं. त्यांनी एकदाच टाकलं होतं, जास्त टाकलं होतं, आणि का टाकलं ते त्यांना पक्कं आठवत होतं. विसराळूपणाचा शिक्का मी मारला, चारचौघांत.

मी मिस्त्रीकडून दोन सीलं कागदात बांधून घेतली. रिक्षात बसून मी वाक्यं जुळवत होते. घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर त्याच खुर्चीत होते. चप्पल न काढताच मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले.

"बाबा, तुम्ही बरोबर होते. गाडी ऑइल खात होती. धूर येत होता. तुम्ही दोनदा नव्हतं टाकलं. मीच चुकले."

"हो का," ते म्हणाले.

मी कागद उघडून सील त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नखाने दाबून पाहिलं, उजेडाकडे धरलं. बोटांना बरोबर कळलं. "कडक झालं," ते म्हणाले. "जळलं पूर्ण."

"आपल्याच गाडीचं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. "असं तं कोन्या बी गॅरेजात भेटते," ते म्हणाले.

"बाबा, मी खोटं कायले सांगीन?"

"गेज बी भेटला होता न, अलमारीच्या मागं." ते हळू बोलत होते, मला लागू नये म्हणून. "माह्या गेजचं एक पातं किलनवर तुटलं होतं. तू आनला त्याचे सगळे पाते आहेत."

मी सगळं बोलून टाकलं. हो, गेज विकत आणला होता, पायरीवर घासला होता, ते खोटं होतं, पण हे खरं आहे. मिस्त्रीला विचारा. उद्या रिक्षाने नेते तुम्हाले, त्याच्याच तोंडून ऐका. मी आवाज चढवला, पूर्वी चढवायची तसा, शेजारची बाई दारात येऊन बघू लागली इतका. मला वाटत होतं की आता ते चिडतील, उलटून बोलतील, आम्ही जुन्यासारखे भांडू आणि भांडता भांडता त्यांना पटेल. मी सकाळी फक्त एकदा चावी त्यांच्या हातात देऊन मागे उभी राहिले असते, तर दोन सेकंदांत दिसलं असतं. आता दाखवायला काही उरलं नव्हतं. गाडी रिंग रोडवर डोकं काढून पडली होती आणि तो धूर परत कधीच येणार नव्हता.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थोपटलं.

"हव बेटा," ते मऊ आवाजात म्हणाले. "बरोबर." आणि ते सील त्यांनी माझ्या हातात परत दिलं.